डेबियनवर पोस्टग्रेस १५: काही महिने वापरल्यानंतर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीचा ईआरपी (कारखान्याच्या सगळ्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) गेले काही महिने डेबियन १२ या लिनक्सवरच्या पोस्टग्रेस १५ या डेटाबेसवर चालतोय. वेगाची तक्रार नाही, हीट नंबर (वितळवलेल्या धातूच्या घाण्याचा क्रमांक) टाकला की जुनी नोंद लगेच समोर येते. मला लिहायचंय ते अधिकारांबद्दल. डेटाबेसमधून मशिनवर आणि तिथून रूटपर्यंत, म्हणजे मशिनवर काहीही करू शकणाऱ्या खात्यापर्यंत, कुणी पोचू शकेल का, हे सॉफ्टवेअर निवडताना फारसं कुणी विचारत नाही.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हा सर्व्हर रूट म्हणून सुरूच होत नाही, सरळ नकार देतो. मात्र डेटाबेसचा सुपरयुजर (डेटाबेसमध्ये सगळे अधिकार असलेला युजर) 'कॉपी' कमांडच्या 'प्रोग्राम' पर्यायातून शेल कमांड, म्हणजे थेट मशिनला दिलेल्या आज्ञा, चालवू शकतो. ही सोय ९.३ पासून आहे आणि ती बंद करायची सेटिंग नाही. आमच्याकडे ईआरपी बसवून देणाऱ्यांनी अ‍ॅप्लिकेशनलाच सुपरयुजर देऊन ठेवला होता! म्हणजे एखाद्या फॉर्ममध्ये एसक्यूएल इंजेक्शन (फॉर्ममधून डेटाबेसला स्वतःच्या आज्ञा घुसवता येण्याची चूक) सापडलं, की समोरचा थेट शेलवर. आम्ही वेगळा रोल (डेटाबेसमधलं खातं) काढून लागतील तेवढेच अधिकार दिले. काही रिपोर्ट अडले, ते त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घेतले. उद्यमनगर, गोकुळ शिरगावात असा सेटअप असेल तर पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड लाइनमध्ये 'बॅकस्लॅश डीयू' टाकून रोल बघाच.

शेलनंतर रूट. इथे बहुतेक वेळा दार उघडतं ते रूटने चालवलेल्या स्क्रिप्टमुळे. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या 'मायएसक्यूएलडी सेफ' या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये २०१६ साली एरर लॉगच्या जागी सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) ठेवून रूट मिळवता येत होता. पोस्टग्रेसच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्येही २०१७ साली तशीच चूक निघाली. धडा एकच: डेटाबेस मशिनवरच्या ज्या युजरच्या नावाने चालतो त्याला जिथे लिहिता येतं, तिथल्या फाइलला रूटने हात लावायचा नाही. म्हणून आमचा बॅकअपचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) आता त्याच, म्हणजे पोस्टग्रेस युजरच्या, नावाने चालतो.

एक खटकलं. 'पब्लिक' स्कीमामध्ये (डेटाबेसमधल्या सगळ्यांच्या सामायिक कप्प्यात) कुणालाही टेबल, फंक्शन असे ऑब्जेक्ट बनवता येण्याची जुनी मुभा १५ मध्ये काढली आहे, पण जुन्या आवृत्तीचा डंप (डेटाबेसची काढून ठेवलेली प्रत) रिस्टोर केला की ती मुभा तशीच परत येते, तीही कसलीही सूचना न देता. मग साधा युजर तिथे नेहमीच्या नावाचं फंक्शन बनवून ठेवतो आणि सुपरयुजरच्या क्वेरीत ते सुपरयुजरच्या अधिकाराने चालू शकतं. रिस्टोरनंतर ही मुभा हाताने काढून घ्यावी लागते.

एवढं करायची तयारी असेल तर जरूर घ्या. १५ ला नोव्हेंबर २०२७ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, तोवर आम्ही इथेच आहोत.