देवमाणूस: डॉक्टर लक्षात राहिला, गायब झालेल्या बायका नाही राहिल्या

देवमाणूसचा तिसरा भाग 2025 मध्ये आला तेव्हाच ठरवलं होतं की आता एकदा पहिल्या भागाबद्दल नीट लिहून टाकायचं, कारण अजूनही कुणी विचारलं की खऱ्या खुनांवरची मराठी मालिका सांग तर पहिलं नाव हेच निघतं. आणि माझं माहेर वाई तालुक्यातलं, त्यामुळे आमच्या घरी ही मालिका जरा वेगळ्याच नजरेने बघितली गेली हे आधीच सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. झी मराठीवर ऑगस्ट 2020 ला सुरू झाली, लॉकडाऊनमध्ये, रात्री साडेदहाला. गावात एक बोगस डॉक्टर, गोड बोलणारा, गरिबाकडून पैसे न घेणारा, लोक त्याला देव मानतात आणि हा एकेक बाई जाळ्यात ओढून पैसा सोनं काढून घेऊन संपवतो. जाहिरातीपासूनच सत्य घटनेवरून प्रेरित असं सांगत होते आणि कुठली घटना ते सातारा जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायची गरजच नव्हती. वाई तालुक्यातल्या धोम गावचं प्रकरण. ऑगस्ट 2016 मध्ये तिथला डॉक्टर पकडला गेला आणि पोलिसांनी सांगितलं की 2003 पासून सहा खून, पाच बायका आणि एक पुरुष, आणि मग फार्महाऊसच्या आवारात खोदकाम, टीव्हीवाल्यांच्या गाड्या, डॉक्टर डेथ हे नाव, सगळं आलं. खून कशाने तर भूल देताना स्नायू सैल करायला वापरतात ते इंजेक्शन, जे दिलं की माणसाचा श्वासच थांबतो आणि शरीरात ते इतक्या लवकर विरघळून जातं की नंतर सापडणं अवघड.

आता मालिका कशी आहे. पहिले दोन अडीच महिने एक नंबर, यात वादच नाही. किरण गायकवाड आधी लागिरं झालं जी मधला भैय्यासाहेब म्हणून सगळ्यांना माहीत होता, तिथेही खलनायकच, पण तो आरडाओरडा करणारा होता. इथे माणूस आवाज चढवत नाही. पेशंटसमोर चष्मा, नमस्कार, ताई काकू मावशी, आणि दाराची कडी लागली की तोच चेहरा एकदम रिकामा होतो, हसू हळूहळू मावळत नाही, दिवा घालवल्यासारखं जातं. अभिनयासाठी पूर्ण मार्क. सरू आजींबद्दल काय बोलायचं, रुक्मिणी सुतारांच्या तोंडच्या म्हणी आणि शिव्या ऐकायला आमच्या मामी जेवणं उरकून बसायच्या, खून बिन गेले खड्ड्यात. टोन्या, डिंपल, बाबू, सगळं घर अस्सल आपल्याकडचं वाटतं, बोली कुठे खोटी लागत नाही, आणि पुण्यामुंबईच्या लेखकाने गाव लिहिलं की येतो तो नकली वास इथे नाही.

मग घोडं कुठे पेंड खातं? तर डेली सोपमध्ये. आठवड्याला पाच सहा भाग भरायचे म्हटल्यावर खुनी पकडला जाऊन चालत नाही ना. मग तो दर वेळी वाचणार, पोलीस दर वेळी दारापर्यंत येऊन परत जाणार, कुणाला संशय आला की तीच पुढची बळी. एसीपी दिव्या सिंगचं पात्र आलं तेव्हा वाटलं आता तपास बघायला मिळेल, कागद फिरतील, जुने मिसिंगचे अर्ज बाहेर निघतील, पण नाही, तिलाही त्याच्याच प्रेमात पाडलं!! एवढी हुशार अधिकारी दाखवायची आणि तिला डोळे झाकून बसवायचं. तिथे माझा इंटरेस्ट गेला खरं सांगायचं तर. नंतरचा कोर्टाचा ट्रॅक तर नुसता ताणलाय, एकेका उलटतपासणीत ढँण ढँण म्युझिक आणि तोच चेहरा तीन अँगलने.

पण ताणलं म्हणून मी चिडलेली नाही, ताणणं हा मालिकेचा धंदाच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. धोमच्या प्रकरणात सगळ्यात भयंकर काय होतं, तर तेरा वर्षं. पोलिसांच्याच हिशोबाने पहिला खून 2003 चा आणि अटक 2016 ला. या मधल्या काळात बायका घरातून गेल्या, परत आल्या नाहीत, कुणीतरी स्टेशनला जाऊन अर्ज दिला असेल, आणि तो अर्ज तसाच पडला. 2016 ला जी बाई गायब झाली ती अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या संघटनेत काम करणारी होती, ओळखपाळख असलेली, तिच्या मागे माणसं उभी राहिली म्हणून प्रकरण हललं. आधीच्या ज्यांच्या मागे कुणी नव्हतं त्यांचं काय? आणि दुसरं, त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं की हा माणूस भ्रष्टाचाराविरुद्ध लढणारा म्हणून मिरवायचा, अधिकाऱ्यांच्या तक्रारी करायचा, म्हणून लोक त्याच्या वाटेला जात नव्हते. अरे ही केवढी जबरदस्त गोष्ट आहे! गाव त्याला देव मानतं यापेक्षा गाव आणि खातं त्याला टरकून आहे हे कितीतरी खरं आणि कितीतरी भीतीदायक. मालिकेत यातलं मला जवळपास काहीच दिसलं नाही. तिथे बाई येते, भुलते, मरते, पुढच्या सोमवारी नवीन बाई. आधीचीचं नाव पण आठवत नाही.

हेच दुसरीकडे कसं केलंय ते बघा. दहाड ही हिंदी मालिका, प्राइम व्हिडिओवर, मे 2023, आठच भाग. ही उघडपणे सायनाइड मोहनच्या केसवरून सुचलेली वाटते. तो दक्षिण कन्नड जिल्ह्यातला शाळामास्तर, लग्नाचं आमिष दाखवून मुलींना परगावी लॉजवर न्यायचा, सकाळी एसटी स्टँडवर गर्भ राहू नये म्हणून गोळी घे सांगायचा, मुलगी टॉयलेटमध्ये जाऊन घ्यायची, गोळीत सायनाइड. हा तोवर दागिने घेऊन पसार. वीस मुली. 2009 ला सापडला आणि 2013 ला कोर्टाने फाशी सुनावली. दहाडवाल्यांनी गोष्ट राजस्थानात नेली आणि कॅमेरा खुन्यावर न ठेवता सोनाक्षी सिन्हाच्या सब इन्स्पेक्टरवर ठेवला. खुनी कोण ते लवकरच कळतं, विजय वर्मा आहे, त्यात काही लपवलेलं नाही. लपलेल्या आहेत त्या मुली. एक भाऊ बहीण हरवली म्हणून स्टेशनच्या चकरा मारतो, खालच्या जातीचा, कुणी दाद देत नाही, मग तो सरळ थाप मारतो की मुसलमान मुलाने पळवली, आणि दुसऱ्या दिवशी पुढारी, मोर्चा, सगळं स्टेशन कामाला. हा सीन बघून मी पॉज करून बसले. आणि हे लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही बरं का, तिकडच्या खऱ्या केसमध्येही मुलगी परधर्मातल्या मुलाबरोबर गेली म्हणून गदारोळ झाला आणि त्यातूनच तपासाला वेग आला. आणखी एक बारीकशी गोष्ट, सोनाक्षीची सब इन्स्पेक्टर पण खालच्या जातीची, ती टेबलाजवळून गेली की एक हवालदार गुपचूप अगरबत्ती लावतो. एक शब्द नाही, नुसती अगरबत्ती. कळायचं ते कळतं.

दहाड पण काही सोन्याची नाही हां, मधले दोन भाग रेंगाळतात आणि सोनाक्षीची राजस्थानी बोली कधी असते कधी नसते. बोलीच्या बाबतीत देवमाणूस तिला कधीच पाणी पाजेल.

अजून एक गोष्ट खटकली होती तेव्हाच. 2020 ला मालिका सुरू झाली तेव्हा धोमचा खटला साताऱ्यात चालूच होता, निकाल नाही काही नाही. गाव बदललं, नावं बदलली, सुरुवातीला काल्पनिक असल्याची पाटी टाकली की कायद्याने सुटलात, ठीक आहे. पण ज्या घरातली बाई गेली त्या घरात रात्री साडेदहाला टीव्ही लावायचा का बंद ठेवायचा? आमच्या आत्याला मी म्हटलं तुम्ही कशी बघता हो, तर म्हणाली, "अगं गावात सगळीच बघत्यात, आपण बंद केला तर शेजारचा ऐकू येतोय." यावर काय बोलणार. अमेरिकेत डाहमर या सीरियल किलरवर मालिका आली 2022 ला तेव्हा मेलेल्यांच्या नातेवाइकांनी जाहीर बोलून दाखवलं की आम्हाला कुणी विचारलं पण नाही. आपल्याकडे ते बोलणारं पण कुणी दिसलं नाही, उलट खुन्याच्या डायलॉगचे स्टेटस ठेवले लोकांनी.

दुसरा भाग डिसेंबर 2021 ला आला, त्यावर वेळ घालवू नका असं माझं मत, तिथे खऱ्या प्रकरणाशी काही संबंधच उरला नाही, फक्त किरण गायकवाडचा चेहरा चालला म्हणून पुन्हा चालवला. तिसरा मी थोडा बघून सोडला.

तर बघायची असेल तर झी फाइव्हवर पहिला भाग आहे, सुरुवातीचे पन्नास साठ एपिसोड सलग बघा, एसीपी बाई प्रेमात पडायला लागल्या की थांबा, कोर्ट वगैरे सोडून द्या, सरू आजींच्या क्लिपा वेगळ्या मिळतात त्या बघा. घरात लहान पोरं जागी असतील तर नको, इंजेक्शनचे सीन बघून आमचा भाचा ताप आला तरी दवाखान्यात जाईना, त्याच्या आईला शेवटी त्याच्या आधी स्वतःला टोचून घ्यायची ॲक्टिंग करावी लागली.