नेटवर्क कॅमेरा काही महिने वापरल्यावर: चित्र उत्तम, फर्मवेअरकडे मात्र लक्ष हवं

दाराबाहेर लावलेला हा ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आता बरेच महिने ऊन-पाऊस झेलतोय. दिवसाच्या चित्राबद्दल तक्रार नाही. गाडीचा नंबर, कपड्यांचे रंग, सगळं स्वच्छ दिसतं. वीज आणि डेटा एकाच लॅन केबलमधून जातात, त्यामुळे १०० मीटरपर्यंत वेगळ्या प्लगची भानगड नाही.

रात्रीचं चित्र मात्र सेटिंग न बदलता वापरू नका. ऑटोवर ठेवलं की कॅमेरा शटर मंद करतो. फोटोत अंगण छान उजळ दिसतं, पण चालत येणाऱ्या माणसाचा चेहरा फराटा मारल्यासारखा पुसला जातो. मी शटर १/१०० वर बांधून टाकलं. चित्रात थोडे दाणे आले, पण चेहरा ओळखू येतो, आणि कॅमेरा लावायचा तो त्यासाठीच. इन्फ्रारेडच्या उजेडात लेन्ससमोर कोळ्यांची जाळी लकाकतात आणि हालचालीचे खोटे अलर्ट येतात. अधूनमधून फडकं मारावंच लागतं.

साठवणुकीचा हिशोब आधीच करून ठेवा. ४ एमबीपीएसने अखंड रेकॉर्डिंग केलं तर दिवसाला सुमारे ४३ जीबी लागतात. एच.२६५ या व्हिडिओ जास्त दाबून साठवणाऱ्या फॉरमॅटने हा आकडा बराच खाली येतो, फक्त रेकॉर्डरला तो फॉरमॅट कळायला हवा.

आता फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर. खरेदीपूर्वीच्या परीक्षणांत याबद्दल जवळजवळ कुणी लिहीत नाही, आणि कॅमेऱ्याचं पुढचं आयुष्य तर यावरच ठरतं. एका अपडेटनंतर रेकॉर्डरवर कॅमेरा अचानक 'ऑफलाइन' दिसू लागला. कॅमेरा सुरू होता, ब्राउझरमध्ये चित्रही येत होतं. नव्या आवृत्तीने ओएनव्हीआयएफ (कॅमेरा आणि रेकॉर्डर ज्या सामायिक पद्धतीने एकमेकांशी बोलतात ती) बंद करून टाकलं होतं आणि त्यासाठी वेगळा युजर बनवायला सांगितलं होतं. सुरक्षेच्या दृष्टीने बदल योग्यच आहे. पण कंपनीच्या नोंदीत 'काही त्रुटी दूर केल्या' एवढी एकच ओळ! ग्राहकाला असं अंधारात ठेवणं मला अजिबात पटत नाही. शटरचं सेटिंगही परत ऑटोवर गेलं होतं, आणि ते तर रात्रीचं रेकॉर्डिंग पाहिल्यावरच कळलं.

तेव्हापासून ऑटो-अपडेट बंद ठेवलंय. अपडेट करण्याआधी कॉन्फिगरेशनची, म्हणजे सेटिंगची, फाइल उतरवून घेतो आणि महत्त्वाच्या पानांचे स्क्रीनशॉट काढतो, कारण जुनी फाइल नव्या आवृत्तीत चढेलच असं नाही. फर्मवेअर निवडताना मॉडेलच्या नावाबरोबर हार्डवेअर आवृत्तीही जुळवून पाहावी. एकाच नावाच्या कॅमेऱ्यात आतली चिप वेगळी असू शकते. कॅमेऱ्याला वीज देणारा नेटवर्क स्विच यूपीएसवर असल्याशिवाय अपडेटला हात लावू नये, मध्येच वीज गेली तर कॅमेरा कायमचा आडवा होऊ शकतो. अपडेटनंतर पान विचित्र दिसलं तर घाबरू नका, आधी ब्राउझरची कॅश साफ करा. मागच्या आवृत्तीवर परतता येईल असं गृहीत धरू नका. बरेच उत्पादक तो रस्ता बंद ठेवतात.

'चालतंय ना, मग कशाला हात लावायचा' हे मात्र कॅमेऱ्याच्या बाबतीत चालत नाही. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने कारखान्यातले पासवर्ड तसेच राहिलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर हजारोंच्या संख्येने ताब्यात घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अशा उपकरणांच्या गर्दीने डाइन (Dyn) या कंपनीच्या डीएनएस सेवेवर (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या) हल्ला झाला आणि मोठमोठ्या वेबसाइट तासन्‌तास उघडेनात. काही उपकरणांत तर पासवर्ड फर्मवेअरमध्येच कोरलेला होता, मालकाला बदलायची सोयच नव्हती. म्हणून माझा कॅमेरा वेगळ्या व्हीलॅनवर (घरातल्या इतर उपकरणांपासून वेगळ्या ठेवलेल्या नेटवर्कवर) आहे, राउटरवरचं यूपीएनपी (उपकरणांना बाहेरची वाट आपोआप उघडू देणारी सोय) बंद आहे, आणि बाहेरून पाहायचं असेल तर व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित मार्ग, वापरतो.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेट किमान कोणत्या तारखेपर्यंत मिळतील ते उत्पादकाला जाहीर करावं लागतं. तुम्ही कुठेही असा, विकत घेण्याआधी ही तारीख मागा आणि उत्पादकाच्या साइटवर त्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर कधी आलं ते पाहा. दोन वर्षं काहीच आलं नसेल तर मेगापिक्सेल कितीही असोत, मी तो घेणार नाही. या कॅमेऱ्याला अपडेट नियमित येतात, म्हणून मागच्या दारासाठीही हाच घेतोय.