उद्यमनगर, कोल्हापूर : घरी जुनी जिप्सी खोलून बसलेल्यांसाठी रिव्ह्यू

पहिल्यांदाच सांगतो, हा कुठल्या एका दुकानाचा रिव्ह्यू नाही. शिवाजी उद्यमनगरातले लेथवाले, पाटेवाले (पाटे म्हणजे गाडीखालच्या लीफ स्प्रिंग), इंजिन बोरिंगवाले, वेल्डिंगवाले असा सगळ्यांचा मिळून आहे, कारण जुनी फोर बाय फोर घरी दुरुस्त करायची म्हटलं की एक गॅरेज पुरत नाही, पाच-सहा वेगवेगळे हात लागतात आणि ते सगळे चालत फिरता येईल एवढ्या अंतरात बसलेत असं दुसरं गाव मला तरी माहीत नाही. माझी गाडी मारुतीची जिप्सी किंग, १९९६ ला आली ती कार्ब्युरेटरवाली ८ व्हॉल्व्हची १२९८ सीसी, २००० ची एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली) १६ व्हॉल्व्ह नव्हे. पण तुमच्याकडं महिंद्राची एमएम ५४० असू दे नाहीतर मेजर, खाली पाटे, लॅडर चेसिस (शिडीसारखी) आणि पुढं सॉलिड (अखंड) ॲक्सल आहे म्हटल्यावर बरंचसं तसंच लागू होतंय.

माझी पद्धत अशी की खोलायचं आणि जोडायचं घरी, मापाचं काम उद्यमनगरात. अख्खी गाडी गॅरेजला लावली की कुठला बोल्ट नवीन पडला, कुठलं सील जुनंच परत बसलं हे कळत नाही. घरी खोलली की प्रत्येक पार्ट आपल्या हातातनं जातो, केरोसिनमधी धुतला की त्याची खरी अवस्था दिसते, आणि मग फक्त तेवढाच पार्ट पिशवीत घालून न्यायचा. इथले जुने मिस्त्री उलट खूष होतात. मी ज्यांच्याकडं जातो ते मामा पहिल्याच दिवशी म्हणाले, “गाडी कशाला आणतोस बाळा, धुऊन पुसून पार्ट आण, माप माझ्यावर सोड.”

सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त समाधान पुढच्या नकलच्या (चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) कामात आहे. जिप्सीचं स्टिअरिंग ठराविक स्पीडला थडथडायला लागलं की लोक आधी व्हील बॅलन्सिंगला पळतात, मग टायर बदलतात, मग स्टिअरिंगचा डॅम्पर, आणि थडथड तिथंच. गाडी पुढनं स्टँडवर घ्या, चाक वरनं आणि खालनं धरून हलवा. खेळ लागला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा, खेळ गेला तर व्हील बेअरिंग, ब्रेक दाबून पण राहिला तर किंगपिनचं (नकल ज्यावर वळतो त्या पिनचं) बेअरिंग. एवढी साधी टेस्ट आहे पण करत कोण नाही. आणि नकलच्या मागनं काळं पातळ ग्रीस गळत असेल तर आतलं ॲक्सलचं सील गेलंय, डिफरन्शियलचं ऑइल ग्रीसमधी मिसळायला लागलंय, तिथं नुसतं बाहेरचं फेल्ट आणि रबर बदलून पैसे वायाच.

बेअरिंगचे कप (बाहेरची कडी) घरी छिन्नी मारून निघतात, नाही असं नाही, पण सीट खरचटलं की नवीन कप सरळ बसत नाही, म्हणून ते मी प्रेसवर काढून घेतले आणि बसवूनही तिथंच घेतले. मामांनी सीटला बोट फिरवून बघितलं, मग मायक्रोमीटर लावला, मग परत बोट फिरवलं, आणि तेव्हा कुठं कप बसवला. जोडताना प्रीलोड (बेअरिंग किती घट्ट बसलंय ते) बघायचा असतो, सील न घालता टाय रॉडच्या भोकात वजनाचा स्प्रिंगचा काटा अडकवून ओढायचं, १ ते १.८ किलोच्या दरम्यान नकल वळायला लागला पाहिजे, नाहीतर शिम (मापाच्या पातळ चकत्या) कमी-जास्त करायचे. शिम मापाचा मिळाला नाही तर शिमच्या पत्र्यातनं कापून देणारा माणूस तिथंच दोन दुकानं सोडून आहे. शहरातल्या चकाचक गॅरेजमधी शिम हा शब्द काढला तर “सेट मागवा” म्हणतात, आणि इथं समोर उभं राहून काम करून मिळतंय. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवला त्या गावाच्या हातात हे अजून टिकून आहे याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आता पाटे. इथं मात्र दुकान बघून जा. जुन्या पाट्याची कमान बसलेली असते, ती परत काढून देणारे बरेच आहेत पण पद्धत दोन आहेत. एका दुकानात पाटा गॅसनं लालभडक करून वाकवताना बघितला आणि तसाच हवेत गार व्हायला टाकला, तिथनं मी माझे पाटे उचलून आणले. पाट्याचं स्टील तापवलं तर परत हार्डनिंग आणि टेंपरिंग पाहिजेच, ते न करता सोडलं तर टेंपर (स्टीलचा स्प्रिंगपणा) जातो, कमान दिसायला झकास दिसते आणि लोड पडला की थोड्या दिवसांत परत बसते. दुसऱ्या ठिकाणी थंडच ठोकून, एकेक पान जुळवून कमान काढली, एक पान चिरलेलं निघालं ते दाखवून बदललं, पानांच्या टोकांना ग्रीस लावून दिलं. काम सावकाश झालं पण गाडी दोन्ही बाजूंनी लेव्हलला उभी राहिली. यू बोल्ट जुने परत वापरू नका, ताणलेले असतात, आणि नवे घातल्यावर थोडी गाडी चालवून परत टॉर्क पान्यानं बघा. पाट्याच्या टोकाच्या भोकातल्या बुशला मी साधं रबरच घेतलं. गनमेटलचे करून देतो म्हणणारे भेटतील, ते टिकतात, पण रस्त्याचा प्रत्येक खड्डा चेसिसला सांगतात आणि आपल्या जिल्ह्यातले रस्ते तुम्हाला माहीत आहेत.

पत्र्याचं काम. गगनबावडा, राधानगरी, आंबा ह्या पट्ट्यात पावसाळ्यात फिरलेली कुठलीही जुनी जिप्सी घ्या, पुढच्या चाकामागचा फ्लोअर, काचेच्या फ्रेमचा खालचा कोपरा आणि बॉडी माउंटच्या जागा पहिल्यांदा जातात. पुट्टी भरून रंग मारून देणारा स्वस्त पडतो, पण पुट्टीखाली गंज चालूच राहतो. कुजलेला भाग कापून १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा सीओटू (वायर आणि गॅसच्या) वेल्डिंगनं लावून घ्या, साध्या आर्कनं एवढ्या पातळ पत्र्याला भोकं पडतात. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या वायरी काढा, एमपीएफआय असेल तर ईसीएमचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) कप्लर पण, आणि मागच्या बाजूला काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवल्याशिवाय कुणाला टॉर्च लावू देऊ नका, कितीही अनुभवी मिस्त्री असला तरी. चेसिसची बॉक्स आतनं पोकळ असते, तिची पाणी जायची भोकं चिखलानं बंद झालेली असतात, ती तारेनं मोकळी करून आत वॅक्स मारणं हे घरी रविवारी सहज होतं आणि ते काम बाहेर कोण मन लावून करत नाही.

ब्रेकचं थोडक्यात. ड्रम टर्निंग करून घेतलं, आत छापलेलं कमाल माप बघून मगच, व्हील सिलेंडर नवीन घातले. गगनबावड्याहून भुईबावडा घाट उतरताना गाडी एका बाजूला ओढत नाही, झालं.

मॉडिफिकेशन म्हटलं की सगळ्यांना आधी लिफ्ट आणि मोठे टायर पाहिजेत. उद्यमनगरात लांब शॅकल (पाटा चेसिसला टांगणारी पट्टी) कोणपण बनवून देईल, जाड प्लेट, सुबक भोकं, काम एक नंबर, पण पुढं लांब शॅकल लावलं की कॅस्टर अँगल (किंगपिनचा मागं झुकलेला कोन) कमी होतो आणि जी थडथड घालवायला एवढी मेहनत केली ती परत दारात उभी. टायरचं गणित पण साधं आहे. कंपनीचा २०५/७० आर १५ म्हणजे साधारण ६६८ मिलिमीटर व्यास, २३५/७५ आर १५ घातला की ७३३. दहा टक्के वाढ. मीटरवर ६० दिसतात तेव्हा गाडी ६६ ला असते आणि १३०० सीसीच्या इंजिनाला चढावर एक गिअर खाली टाकावा लागतो. मी कंपनीच्याच मापाचे ऑल टेरेन घातले, समाधानी आहे.

कायदा पण बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्हीचा अर्थ हाच की कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर गाडी बदलता येत नाही. दुसरं इंजिन टाकायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी. १५ वर्षांनंतर रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं, एप्रिल २०२२ पासून कारसाठी ती फी ६०० ची ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाडीला १०,००० केलीय. एवढे पैसे भरून पासिंगला नेलेली गाडी चौकात छाती काढून उभ्या बंपरमुळं परत आली तर जीव जळतो, म्हणून पुढचा मोठा लोखंडी बंपर मी नाही म्हणजे नाहीच लावला.

उद्यमनगरच्या तक्रारी आहेतच. “उद्या या” म्हटलं की उद्या होईलच असं नाही, कारखान्याचं मोठं काम आलं की आपला एक ड्रम कोपऱ्यात पडून राहतो. एका ठिकाणी माझा पार्ट दुसऱ्याच्या ढिगात गेला होता, सापडला, पण तेव्हापासून मी प्रत्येक पार्टवर पंचानं खूण करतो, डावा-उजवा पण लिहितो. छोट्या दुकानांत पक्कं बिल मागितलं तर तोंड बघतात, भाव कामाच्या आधी ठरवला नाही तर नंतर वाद. गल्लीत चारचाकी घेऊन जाऊ नका, टेंपो लागलेले असतात, टू व्हीलरवर पार्ट बांधून जाणं बरं. आणि जिप्सीचं बुकिंग २०१९ ला बंद झालं तरी पार्ट अजून मिळतात, पण बेअरिंग आणि सील घेताना चांगल्या कंपनीचंच पॅकबंद घ्या, “ओरिजिनलसारखंच आहे” ह्या वाक्यावर विश्वास ठेवू नका.

रेटिंग द्यायचं तर लेथ आणि प्रेसच्या कामाला पाचपैकी पाच, पाट्याला चार कारण दुकान शोधावं लागतं, पत्र्याला चार, वेळ पाळण्याला दोन. जाताना जुना पार्ट, त्याच्या जोडीला बसणारा पार्ट आणि नवीन बेअरिंग किंवा सील, तिन्ही सोबत न्या, नुसतं कागदावर माप लिहून गेलात तर मामा तुम्हाला चहा पाजून परत पाठवतील.