मांजराच्या घरासाठी पाच कुंड्यांचा संच: चार झाडं बरोबर, एक चुकलेलं

गोव्यात पर्वरीतल्या एका नर्सरीत ‘पेट-फ्रेंडली’ चिठ्ठी लावलेला पाच कुंड्यांचा संच 1,850 रुपयांना मिळतो. त्यात अरेका पाम, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न, कॅलेथिया आणि पीस लिली ही झाडं, कुंडीच्या तोंडावर बसवायच्या पाच गोल जाळ्या आणि वर खताची एक पुडी फुकट. झाडं तजेलदार आहेत, पानांमागे कीड नाही. तरीही संच आणला तसाच घरात मांडू नका.

चूक पीस लिलीची. तिच्या पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं की ते जिभेत नि हिरड्यांत रुततात, लाळ गळते आणि मांजर पंजाने तोंड ओरबाडत बसतं. तेऱ्याच्या, म्हणजे रानअळूच्या, भाजीत खाज मारायला आंबट आंबाडे किंवा सोलं (आमसुलं) का घालतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही खाज वेगळी समजवायला नको. मनीप्लांट, मॉन्स्टेरा, सिंगोनियम, डिफेनबेकिया ही सगळी त्याच अळूच्या घराण्यातली. पीस लिली परत करून पेपेरोमिया मागा, दुकानदार कुरकुर न करता बदलून देतो.

मात्र नावातल्या लिलीवरून घोटाळा नको. पीस लिली त्रास देते, खरी लिली जीव घेते. ईस्टरला किंवा लग्नाच्या गुच्छातून घरात येणाऱ्या मोठ्या लिलीचे पराग अंगावर सांडले आणि मांजराने अंग चाटलं, तरी दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. फुलदाणीतलं पाणीसुद्धा तितकंच वाईट. इथे लक्षणांची वाट पाहायची नाही, तडक पशुवैद्याकडे न्यायचं.

जाळ्या ही संचातली सगळ्यात कामाची वस्तू, आणि सगळ्यात कच्चीही. नर्सरीची माती जवळपास निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आहे. हलकी, भुसभुशीत, म्हणजे मांजराला आयता संडास. अर्धा इंच भोकांची जाळी बसली की उकरणं थांबतं आणि पाणीही वरूनच घालता येतं. पण दिलेली जाळी गॅल्वनाइज्ड तारेची आहे. खाऱ्या हवेत कापलेल्या टोकांपासून ती गंजायला लागते. कडा दुमडलेल्याही नाहीत, पंजाला लागतील. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातून जाड प्लास्टिकची जाळी आणा. कुंडीच्या आतल्या व्यासापेक्षा एक सेंटिमीटर कमी असा गोल कापा, कडेपासून मध्यापर्यंत एक चीर द्या, खोडासाठी बोटभर जास्त जागा ठेवा. सहा महिन्यांनी ते भोक वाढवा, नाहीतर खोड जाळीत आवळलं जातं. जाळीवर नारळाच्या पालथ्या करट्या (करवंट्या) मांडल्या तर दिसायलाही बरं. नारळाच्या सोडणाचे तुकडे मात्र पावसाळ्यात नकोत, ते ओल धरतात आणि बारीक माश्या होतात.

अरेकाची कुंडी आठ इंची प्लास्टिकची, कोकोपीटमुळे आणखी हलकी. मांजराने उडी मारली की आडवी. ती तशीच एखाद्या जड सिमेंटच्या कुंडीत उतरवा आणि मधल्या फटीत चिऱ्याचे तुकडे ठोसा. बोस्टन फर्न आणि कॅलेथिया इथल्या दमट हवेत खूश असतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

स्पायडर प्लांट विषारी नाही, पण त्याची लोंबणारी पानं म्हणजे मांजराला खेळणंच. जास्त खाल्ली तर उलटी होते. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, छताला टांगा, खाली खुर्ची किंवा सोपो (बसायचा कट्टा) नको. चावायची हौस भागवायला वेगळी कुंडी ठेवा: दोन मोठे चमचे गहू रात्रभर भिजवून सहा इंची कुंडीत विरळ पेरले की आठ-दहा दिवसांत गवत तयार. दाट पेरलेत तर जूनमध्ये बुरशी ठरलेली.

राहिली खताची पुडी. घटक वाचा. एरंडीची पेंड असेल तर काउंटरवरच ठेवून या, कारण तिच्यात रायसिन हे जहाल विष असू शकतं आणि वासाने जनावरं तिच्यावर तोंड टाकतात. बदली गांडूळखत मागा. पावसात गोगलगायींसाठी तिथेच मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही विकायला असतात. त्या मांजराच्या घरात अजिबात नकोत. गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन हाताने वेचा, हातमोजे घालून.