कॅन्सरची गोळी बंद करायला लावणाऱ्या सुईवाल्यांपासून सावध राहा

माझ्या वहिनींचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं पार पडलं आणि टॅमॉक्सिफेन सुरू झालं. रोज एक गोळी, निदान पाच वर्षं. ही गोळी इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनचं काम अडवते. त्यामुळं पाळी जाताना होतो तसा त्रास एकदम मागं लागतो. छातीतून वाफ उठून मानेवर, तोंडावर चढायची, उशी घामानं भिजायची, मागोमाग हुडहुडी. बेळगावच्या डिसेंबरातल्या थंडीतही त्या रात्री उठून कपडे बदलायच्या.

अशा बाईला कुणी "औषधाशिवाय उष्णता घालवतो" म्हटलं की ती जाणारच. टिळकवाडीतल्या एका मंगल कार्यालयात ॲक्युपंक्चरचं, म्हणजे अंगात बारीक सुया टोचून करायच्या उपचाराचं, मोफत शिबिर होतं. हातात धातूची दांडी धरायला दिली आणि संगणकातून भलामोठा रिपोर्ट काढला: यकृत कमजोर, रक्तात विष, गाठ पुन्हा होण्याची शक्यता. दांडी धरून यकृत कळत नाही, कॅन्सर तर नाहीच. पण भीती बसली ती बसली. अडतीस हजारांचं पॅकेज, सगळे पैसे आगाऊ, तेही कुणाच्या तरी खासगी नंबरावर. पावती मागितली तर एक छापील कार्ड हातात दिलं.

मग म्हणाले, "आक्का, आगीचं मूळ ती गोळीच. ती घेत राहिलात तर सुया काय करणार?"

वहिनींनी गोळी थांबवली आणि काही आठवड्यांत आग खरंच कमी झाली. यांची लबाडी इथं आहे, म्हणून नीट वाचा. टॅमॉक्सिफेनचा अंमल अंगातून हळूहळू उतरतो. तो उतरला की वाफा कमी होतात, मग सुया टोचा नाहीतर टोचू नका. श्रेय मात्र सुयांनी घेतलं आणि दुसरं पॅकेज गळ्यात मारलं. वहिनी आनंदानं गल्लीतल्या बायकांना सांगत होत्या, आणि गाठ परत येऊ नये म्हणून दिलेली गोळी कपाटात पडून होती. तपासणीच्या वेळी कॅन्सरच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हे उघड झालं.

सुयाही कशा? स्टीलच्या ट्रेमधून उचललेल्या. एकदाच वापरायची निर्जंतुक सुई रुग्णासमोर पाकीट फोडून काढायची असते. वर ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या, त्याच हातावर टोचल्या. त्या हाताला सूज येण्याचा धोका कायम असतो, म्हणून तिथं सुया टाळतात. वहिनींचा हात सुजला.

मला जास्त राग याचा येतो की या त्रासावर ॲक्युपंक्चरचा खरा अभ्यास झाला आहे. २०१० साली डेट्रॉइटमधल्या अभ्यासात ५० बायकांपैकी काहींना बारा आठवडे सुया टोचल्या आणि बाकीच्यांना वाफांवरचं वेनलाफॅक्सिन हे औषध दिलं, तेव्हा दोन्हींनी सारखाच आराम पडला. २०२४ मध्ये अमेरिका, चीन आणि दक्षिण कोरियातल्या १५८ बायकांच्या अभ्यासातही फायदा दिसला, आणि त्या हार्मोन अडवणाऱ्या गोळ्यांवर असलेल्याच बायका होत्या. खोट्या सुयांशी, म्हणजे नुसतं टोचल्यासारखं करण्याशी, तुलना केली की फरक पुष्कळदा कमी दिसतो, हेही खरं. पण गोळी सोडून सुया घ्या, असं यातलं काहीच सांगत नाही.

त्या सुईवाल्यांच्या भिंतीवर कन्नडमधलं एक प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं होतं. कन्नड माध्यमात शिकलेल्या भाचीनं वाचलं तर तो महापालिकेचा व्यापार परवाना निघाला. कर्नाटकात खासगी दवाखान्याला २००७ च्या केपीएमई (कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना) कायद्याखाली नोंदणी लागते, आणि त्यात ॲक्युपंक्चरही येतं. तो नोंदणी क्रमांक मागा. टाळाटाळ झाली तर पैसे देऊ नका. नोंदणी नसलेल्यांची तक्रार जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करता येते. पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आम्ही दोन्हीकडं तक्रार दिली आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत. वहिनींची गोळी पुन्हा सुरू झाली आणि वाफांसाठी डॉक्टरांनी वेगळं औषध दिलं. टॅमॉक्सिफेनवर असताना त्यासाठी कुठलंही औषध मनानं घेऊ नका, कारण पॅरॉक्सेटिनसारखी काही औषधं या गोळीचंच काम बिघडवतात. तिकडं त्या लोकांनी टिळकवाडीतली जागा सोडली आहे. आता खानापूर आणि निपाणीकडं शिबिरं घेणार असल्याचं ऐकलं, म्हणून हे लगेच लिहिते आहे. तिथल्या ओळखीच्या बायकांपर्यंत पोहोचवा.