ब्राव्हेक्टो गोळी: मळ्यातल्या कुत्र्याला घ्यावी का?

आमची चिंगी गावठी, वजन सोळा किलो. रावेर तालुक्यात आमची केळी आहे. दिवसभर ती ठिबकच्या ओलीत हिंडते आणि रात्री गोठ्याच्या ओट्यावर निजते. अशा मोकाट हिंडणाऱ्या कुत्र्याला गोचिडी-पिसवांवरची ही महागाची गोळी परवडते का, असं गावातले बरेच जण विचारतात. माझं मत स्पष्ट आहे. घ्या, पण नुसत्या गोळीच्या भरवशावर राहू नका.

गोळीत फ्लुरालॅनर हे औषध असतं. ते रक्तात उतरतं, आणि गोचीड रक्त प्यायला लागली की मरते. एका गोळीचा असर साधारण 12 आठवडे. वजनाप्रमाणे वेगवेगळी पाकिटं मिळतात. 10 ते 20 किलोच्या कुत्र्याला 500 मिलिग्रॅमची. अर्धी तोडून दोन कुत्र्यांना वाटायची नाही. पिल्लू निदान 8 आठवड्यांचं आणि 2 किलोचं तरी हवं. द्यायची जेवणासोबत, कारण रिकाम्या पोटी औषध पुरतं अंगी लागत नाही. चिंगीने ती माझ्या हातावरूनच चावून खाल्ली आणि मागोमाग दूध-भाकरी.

दुसऱ्या दिवशी तिच्या कानाची पाळी उलटून पाहिली. एरंडीच्या बीसारख्या टम्म फुगलेल्या करड्या गोचिडी तिथेच चिकटलेल्या होत्या, पण पाय आखडलेले. बोटांच्या बेचक्यांतल्या बारक्या तर कंगव्याने नुसत्या झडल्या. पिसवाही गेल्या. आधी आम्ही मानेवर टाकायचं औषध वापरायचो, पण कुत्री पाटात डुंबणारी, त्यामुळे त्याचा जोर टिकत नसे. पोटातून जाणाऱ्या औषधाला पाण्याची भीती नाही. आमच्याकडे ही बाब मोठी आहे.

आता उणी बाजू, आणि ती नीट समजून घ्या. गोचीड चावल्याशिवाय या गोळीने मरत नाही. गोचिडीमुळे येणाऱ्या तापाला टिक फिव्हर म्हणतात, त्यातला एर्लिकिया नावाचा जंतू गोचीड चिकटल्यावर काही तासांतच कुत्र्याच्या रक्तात जाऊ शकतो. म्हणजे गोळीने धोका पुष्कळ कमी होतो, पण शून्य होत नाही. कुत्रं खाईना, अंग तापलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके दिसले, तर गोळी दिलीय म्हणून घरी बसू नका. रक्त तपासून घ्या, प्लेटलेट्स बघा. वेळेत कळलं तर डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकवर बरीच कुत्री उठतात. कोर्स साधारण 4 आठवड्यांचा असतो आणि तो अर्ध्यात सोडायचा नसतो. लघवी गडद लाल किंवा कॉफीच्या रंगाची झाली तर बबेसिया, म्हणजे गोचिडीतूनच येणारा दुसरा जंतू, असू शकतो. त्याचं औषध वेगळं. संकरित गाईचा गोचीडताप आपण किती धास्तीने घेतो! कुत्र्याच्या तापालाही तेवढंच मानलं पाहिजे.

आणि खरा कारखाना असतो भिंतीत. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड लहानपणापासून मोठी होईपर्यंत दर टप्प्याला रक्त पिऊन खाली उतरते. मादी फुगली की गळून पडते, भिंतीवर चढते आणि फटीत हजारो अंडी घालते. आपल्याला अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकीचं सैन्य दगडांच्या सांधीत, खाटेच्या पट्ट्यांत, गोणपाटाच्या घड्यांत. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला जातो, तरी गोठ्याच्या आतल्या गारव्यात त्या मजेत राहतात, आणि पाऊस पडला की पुन्हा उचल खातात. म्हणून आम्ही ओट्याच्या फटी सिमेंटने बुजवल्या, चुना मारला, चिंगीचं गोणपाट जाळलं आणि गोठ्यात डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक फवारलं. औषध अंड्यांवर चालत नाही, म्हणून नवी पिल्लं निघायच्या बेताला दुसरी फवारणी लागते. फवारताना जनावरं बाहेर, हौद झाकलेला, आणि वाळेपर्यंत कुणी आत नाही. घरात मांजर असेल तर फार जपा. या जातीचं औषध मांजराला विषासारखं लागतं, आणि कुत्र्याच्या मानेवर टाकायचं पर्मेथ्रिन तर मांजराच्या जवळही नेऊ नका.

घासलेट चोळण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. कृपा करून थांबवा. कातडी भाजते आणि चाटल्यावर ते पोटात जातं. एखादी गोचीड काढायचीच असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. बोटांनी चिरडू नका.

गोळी घेण्याआधी डॉक्टरांना एक गोष्ट जरूर सांगा: कुत्र्याला कधी फेफरं आलं होतं का. या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2018 साली दिला आहे. काहींना उलटी किंवा पातळ हगवणही होते. चिंगीला तसं काही झालं नाही.

किमतीचं म्हणाल तर पैसे एकदम खिशातून जातात तेव्हा जड वाटतं. तीन महिन्यांवर पसरलं आणि टिक फिव्हरच्या सलाईन-तपासण्यांचा खर्च शेजारी मांडला तर मला जड वाटत नाही. तालुक्याला दर वेळी हव्या त्या वजनाचं पाकीट असतंच असं नाही, म्हणून मी आधी फोन करून मागवून ठेवते. बारमाही देणं जमत नसेल तर निदान होळीपासून दिवाळीपर्यंत खंड पडू देऊ नका. बाहेर थंडी पडली की गोचिडींची वाढ मंदावते. पण कुत्रं घरात उबेला निजत असेल तर हिवाळ्यातही कान, काखा आणि शेपटीखाली हात फिरवून बघत जा.