हार्डविक हॉल: शिवणटिपणाची आवड असेल तर चुकवू नका

मुलगी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला असते. तिच्याकडे आले की आसपासची जुनी घरं मी हटकून बघते. त्यातलं डर्बीशायरमधलं हार्डविक हॉल मला सगळ्यात आवडलं. मी शाळेत शिवण शिकवायचे, त्यामुळे तिथल्या कापडांवरच जास्त लिहिणार आहे.

हे घर बेस ऑफ हार्डविक या धनाढ्य बाईनं (बेस म्हणजे एलिझाबेथ) १५९० ते १५९७ या काळात बांधलं. तिची चार लग्नं झाली. पहिला नवरा रॉबर्ट बार्लो १५४४ मध्ये गेला तेव्हा ती अगदी कोवळी होती. विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातभर मिळायचा, पण तो पदरात पाडून घ्यायला तिला कोर्टाची पायरी चढावी लागली. दुसऱ्या नवऱ्यापासून, म्हणजे विल्यम कॅव्हेंडिशपासून तिला आठ मुलं झाली, त्यातली सहा जगली. चौथा नवरा श्रूजबरीचा अर्ल, म्हणजे बडा सरदार. त्याच्याशी नुसतं लग्न नाही, तर चक्क साटंलोटं केलं: हिचा हेन्‍री त्याच्या ग्रेसला आणि त्याचा गिल्बर्ट हिच्या मेरीला. मेरी १२ वर्षांची, ग्रेस जेमतेम ८. त्या सोयरिकींसाठी केलेलं म्हणतात ते एग्लंटाइन टेबल वरच्या मोठ्या दालनात आहे. वाद्यं, पत्ते, सोंगट्यांचे पट, सगळं लाकडात लाकूड बसवून काढलंय. त्या मुलींचं वय आठवलं की त्या टेबलापाशी जीव गलबलतो.

आता कापडं. पेनेलपी, लुक्रेशिया अशा पुराणकाळच्या थोर स्त्रियांचे मोठमोठे पडदे इथे आहेत. जुन्या चर्चमधले पाद्र्यांचे मखमली, जरीचे झगे कापून त्यांचे तुकडे जोडलेत. इतकं भारी कापड जोडताना कडा सुटू न देणं किती कठीण, ते सुई धरणाऱ्यालाच कळेल. अर्लशी बिनसल्यावर त्यानं या पडद्यांवरही हक्क सांगितला. हे काम माझ्या घरच्या नोकरांनी, बायकांनी आणि पोरांनी केलंय, असं बेसनं ठणकावलं. मला ती तिथे फार आवडली.

लाँग गॅलरीत बायबलमधल्या गिडियनच्या गोष्टीचे १३ विणलेले पट आहेत. १५९२ मध्ये ते तिनं राणी एलिझाबेथचा मंत्री क्रिस्टोफर हॅटन याच्या वारसाकडून घेतले. त्याची घराण्याची चिन्हं झाकायला खर्च येणार म्हणून ५ पौंड कमी करून घेतले. हॅटनच्या चिन्हातल्या हरिणींना शिंगं जोडून त्यांचे कॅव्हेंडिश घराण्याचे नर हरिण केलेत, ते नीट निरखून बघा.

बुरुजांवर ‘ई एस’ (एलिझाबेथ श्रूजबरी) ही तिची अक्षरं लांबूनच दिसतात. कापडांसाठी आत उजेड मंद ठेवतात, तेव्हा जवळचा चष्मा न्याच. जिने बरेच आहेत. गुडघे दुखत असतील तर दम घेत घेत चढा, पण वरचा मजला सोडू नका.